कारण : डाग

९ मार्च

दादा,

पुढे काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं दादा. नमस्कार लिहिला तर म्हणशील, आता बरी आठवण झाली. नाही लिहिला तर म्हणशील, साधी रीतसुद्धा सोडली हिने. तुला हवं ते समजून घे.

फोन मी पुष्कळ केले. आधी तू माझा आवाज ऐकला की ठेवायचास, मग माझा नंबरच बंद करून टाकलास. वहिनीकडे पत्ता मागितला तर ती म्हणाली, "ते सारखे खोल्या बदलतात. आज दिलेला पत्ता उद्या चालायचा नाही. तू पाकीट माझ्याकडे दे, मी पत्ता घालून टाकते." म्हणून तिच्याकडे देतेय. चिकटवून देतेय, त्याचा तिला राग आला तर येऊ दे.

आधी कामाचं. गेल्या आठवड्यात कंपनीचा जमिनीचं बघणारा माणूस माझ्याकडे आला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि बुटांना आपल्या शेतातली माती. पॅकहाऊसला लागून त्यांना मोठं गोदाम बांधायचंय, त्यासाठी आपलं शेत हवंय, आणि तुझी तयारी आहे म्हणे. मी म्हटलं, "मग घ्या की. मला कशाला सांगताय?" तर म्हणतो, "तुमची सही लागेल ना, ताई." आणि त्याने कागद फिरवून माझ्यापुढे धरला. वर बाबांचं नाव आडव्या रेघेने खोडलेलं. त्याखाली तुझं, आईने हक्क सोडलेला म्हणून. आणि तुझ्याखाली माझं.

दादा, माझं नाव तिथे कसं?

तूच सांगितलं होतंस ना, काढून टाकलंय म्हणून? मी सासर सोडून बॅग घेऊन आले त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. कोपऱ्यातल्या तुकड्यात मला भाजी लावायची होती, एवढ्यावरून आपलं वाजलं. तू म्हणालास, "दोन खोल्या दिल्यात ना, तेवढ्यात राहा. शेतात तुझं काय आहे? नाव काढून टाकलंय तुझं." आई तिथेच बसली होती, ती तांदूळ निवडत राहिली. त्यानंतर नऊ वर्षं मी रोज बांधावरून कामाला गेले, पण आत पाऊल टाकलं नाही. मधून गेले असते तर दहा मिनिटं वाचली असती. हट्ट म्हण, काही म्हण. आणि नाव तर तिथेच होतं. रागात बोलून गेलास आणि नंतर विसरलास, की काढायला गेलास आणि हात धजला नाही? एवढं तरी कळव.

दुसरं त्या दिवसाबद्दल. गावात लोक वाट्टेल ते बोलतात, मी माझ्या तोंडाने एकदाच सांगते. पॅकहाऊसमध्ये शेंग बघायला मला ठेवलंय. पट्ट्यावरून आलेली शेंग वाकडी असली, आखूड असली, आत दाणा फुगला असला की बाद. भावाची असली तरी बाद. तुझे बेचाळीस क्रेट आले म्हणून मी डोळे मिटून घ्यायचे होते का? लाल चिठ्ठीवर कारणाची एक ओळ असते. तिथे मी 'डाग' लिहिलं, कारण डाग होते. डाग म्हणजे रोग, आणि रोग म्हणजे शेतकऱ्याचा कोड नंबर बंद, हा नियम काही मी केलेला नाही. तुझा सतरा नंबर मी बंद केला नाही, कॉम्प्युटरने केला.

आई बरी आहे. कान अगदीच गेलेत, त्यामुळे भांडणं कमी झालीत. तिला अजून शेत विकायचं सांगितलेलं नाही.

सही मी केलेली नाही. तू स्वतः दोन ओळी लिहिल्यास तर करीन. त्या माणसाच्या सांगण्यावरून करणार नाही.

तू ताई म्हणायचास मला लहानपणी, मी धाकटी असून. म्हणून,

ताई


२ एप्रिल

दादा,

उत्तर आलं नाही. वहिनी म्हणते पत्र टाकलंय, पोचलं असेल. तुला लिहायला कंटाळा, हे मला माहीत आहे. शाळेतले निबंध मीच लिहून द्यायचे.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल तर मी सांगते. वहिनी पट्ट्यावर आहे. गेल्या वर्षापासून. माझ्याच हाताखाली. तिने सांगितलं होतं, "त्यांना कळू देऊ नको," आणि मीही मागच्या पत्रात गप्प बसले. पण मग वाटलं, लपवालपवी करून पत्र कशाला लिहायचं? निळी टोपी, दोन जोड मोजे, त्यावर बूट, आणि आठ तास उभं. आत इतकी थंडी असते की दुपारच्या सुट्टीत बायका पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसतात, पालींसारख्या. वहिनीचा हात चपळ आहे. दोन्ही टोकांना एकदाच नजर टाकते आणि शेंग बरोबर त्या खोक्यात. मला तिला हुकूम सोडायला लाज वाटते, म्हणून मी तिला काही सांगतच नाही. बाकीच्या म्हणतात, घरचीला सूट आहे. तिला वाटतं, मी तिच्याशी अबोला धरलाय. अशी गंमत.

गाव तू ओळखणार नाहीस. रस्ता डांबरी झाला, पॅकहाऊसच्या फाटकाला पाटी लागली, पाटीवर 'ग्रामीण विकास' असं मोठ्या अक्षरात. बायकांच्या हातात पगार आला, हे खरंच आहे, मला कुणी खोटं म्हणू नये. मी त्याच पगारावर उभी राहिले. पण शेंगा पिकवणारे सुरुवातीला साठ होते, आता एकोणीस उरलेत. बाकीच्यांची मुलं बाहेरगावी गाडी चालवतात, नाहीतर तुझ्यासारखी कुणाच्या तरी फाटकावर उभी असतात. आणि सांगितलं तर हसशील, भाजी आता बाहेरून येते. सकाळी टेम्पो येतो, आणि शेतकऱ्यांच्या बायका त्याच्यापाशी रांग लावून कोथिंबीर घेतात. सगळ्या रानात शेंग आणि शेंग, आणि ती आपण खायची नाही, ती बोटीने परदेशी जाते.

मला एक विचारायचं होतं. खरं तर विचारायचं नाही, मला ठाऊक आहे. मी बघितलंय.

लाल चिठ्ठी मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी तू शेतात गेलास आणि ओळीच्या ओळी उपटायला लागलास. मी खिडकीतून बघत होते. एकेक पान उन्हापुढे धरून बघायचास, उलटं करायचास, मग फेकायचास. वहिनी म्हणत होती, "अहो, हिरवंगार आहे, राहू द्या." तू म्हणालास, "आतून असेल. त्यांच्याकडे यंत्र आहे, आपल्याला दिसत नाही." सगळं पीक बांधावर रचून पेटवलंस. ओलं होतं, धड जळेना. मग मी खिडकी लावून घेतली. धूर येतो म्हणून, असं आईला सांगितलं.

डाग होते असं मी मागे लिहिलं. होते म्हणजे दोन-चार शेंगांना होते. दोन-चार कुठल्या क्रेटमध्ये नसतात?

सहीचं अजून तसंच आहे. तो इस्त्रीवाला दर सोमवारी येतो. आता त्याला चहाही विचारत नाही.

ताई


२१ एप्रिल

दादा,

हे पत्र मी दुपारच्या सुट्टीत लिहायला घेतलंय. आजच लिहिलं नाही तर कधीच लिहून व्हायचं नाही.

टोपीवाले काका तुला आठवतात ना? ओढ्यापलीकडचे, ज्यांच्या विहिरीत तू पोहायला शिकलास. त्यांचा कोड नऊ. सकाळी त्यांचे अठ्ठावीस क्रेट आले. त्यांनी स्वतः टेम्पोतून उतरवले, एकेक क्रेट असा ठेवला की आत अंडी असावीत. मी झाकण काढून पाहिलं. शेंग अशी की हातात मोडली तर पाणी उडावं. तेवढ्यात साहेबांनी मला आत बोलावलं.

साहेब वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. त्याला वरून फोन येतो, तो मला सांगतो. म्हणाला, "बोटीवरची जागा कमी केली त्यांनी. आजचे तीस-एक क्रेट जाणार नाहीत. घ्यायचे आणि फेकायचे, असं नाही करता येत आपल्याला. बघा काहीतरी."

'बघा काहीतरी' म्हणजे काय ते मला समजतं. घेतलेल्या मालाचा पैसा द्यावा लागतो. बाद मालाचा द्यावा लागत नाही.

मी बाहेर आले आणि काकांच्या अठ्ठावीस क्रेटना लाल चिठ्ठ्या लावल्या. कारणाच्या ओळीत 'वाकडी' लिहिलं. काका खिडकीपाशी आले, चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. म्हणाले, "वाकडी निघाली का गं? दोरी नीट बांधली नसेल मी. पुढच्या तोड्याला नीट आणतो हां पोरी." आणि मला हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. वहिनी पट्ट्यावर माझ्याकडे बघत होती.

आता तुझ्या दिवसाबद्दल. तोही असाच दिवस होता.

साहेबांनी असंच बोलावलं होतं. तेव्हा जागा चाळीस क्रेटची कमी झाली होती. मी नवी सुपरवायझर, पहिलाच महिना. बाहेर तिघांचा माल उभा होता. त्यातला एक तुझा. साहेबांनी कुणाचा काढायचा ते सांगितलं नाही, कधीच सांगत नाहीत. मी ठरवलं. मला वाटलं, घरच्याचा माल बाद केला तर माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. 'बघा, सख्ख्या भावालाही सोडलं नाही' म्हणतील. आणि म्हणालेही तसंच. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं होतं, दादा. हेही लिहून ठेवते.

इथपर्यंत कदाचित तू मला माफ करशील. पुढचं वाच.

कारणाच्या ओळीत मला काहीही लिहिता आलं असतं. 'वाकडी' लिहिलं असतं, तर तेवढा माल परत गेला असता आणि तू दोन-तीन दिवसांनी पुढचा तोडा घेऊन आला असतास. 'आखूड' लिहिलं असतं, तरी तेच. 'डाग' लिहिलं की नंबर बंद होतो, हे मला ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. पेन हातात होतं, तू खिडकीबाहेर उभा होतास आणि शेजारच्याशी हसत काहीतरी बोलत होतास. दोन बोटं हवेत नाचवत, बाबा करायचे तसं. आणि मला तुझं ते वाक्य ऐकू आलं. शेतात तुझं काय आहे? मी 'डाग' लिहिलं.

साहेबांनी ते सांगितलं नव्हतं. कंपनीने सांगितलं नव्हतं. ते माझं होतं.

तुझ्या एकाही शेंगेला डाग नव्हता. मागच्या पत्रात दोन-चार लिहिलं, तेही खोटं. जमिनीत रोग नव्हता, पानात नव्हता, तू जे जाळलंस त्यात काहीसुद्धा नव्हतं. तू हंगाम सोडलास, मग जमीन सोडलीस, मग गाव सोडलंस, आणि तुला वाटत राहिलं की माती नासली. माती चांगली आहे, दादा. आजही चांगली आहे. पडीक आहे एवढंच.

आता तू ठरव. हे वाचूनही विकायची असेल तर विकू. सही करते. नाही म्हणालास तर त्या इस्त्रीवाल्याला मी फाटकाबाहेर काढते आणि नोकरी सोडते, आणि तू म्हणशील ते काम आपल्या शेतात करते. तू बोलला नाहीस तरी चालेल. बिनबोलता काम करायची मला सवय आहे.

घंटा झाली. आत जाते.

ताई


३० नोव्हेंबर

वहिनी,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुमचा पत्ता मी जमिनीच्या नोंदणीच्या कागदावरून उतरवून घेतला. दादाने तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, घर क्रमांकासकट. दीड वर्ष एकाच खोलीत राहतोय, असं त्या कारकुनाला सांगत होता.

मे महिन्यात कचेरीत सह्या झाल्या त्या दिवशी तू मुलींना आणि आईला घेऊन बाहेर पत्र्याखाली बसली होतीस; आईला दादा भेटेल एवढंच सांगून आणलं होतं. आत काय झालं ते त्याने तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

आदल्या आठवड्यात मी तुला विचारलं होतं, दादा पत्रांबद्दल काय म्हणाला? तू भाजी निवडत होतीस. मान खाली घालूनच म्हणालीस, "वाचली त्यांनी. काही बोलायचं नाही म्हणाले. सही करून टाक म्हणाले." मी धरून चालले की त्याचा निकाल झाला. म्हणून आत गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या लांब टेबलाशी उभी राहिले, इस्त्रीवाल्याने बोट ठेवलं तिथे सही केली. सहा ठिकाणी. दादाने माझ्या आधी केली होती. त्याचे हात खरखरीत असायचे ना? मऊ झालेत. नखं कापलेली.

मग फोटोसाठी थांबायचं होतं. आधीच्या कुटुंबाचा फोटो चालला होता, त्यांची म्हातारी दर वेळी डोळे मिटायची. आम्ही दोघं बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तो समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "एक विचारू का तुला?"

मी म्हटलं, "विचार."

"डाग खरंच होते का गं?"

मला काही कळेना. म्हटलं, "म्हणजे? पत्रात लिहिलंय की सगळं."

"कसली पत्रं?"

वहिनी, मी खिडकीतून बाहेर बघितलं. तू धाकटीच्या केसांना रबर लावत होतीस. तू वर बघितलंस आणि लगेच खाली. मला तेवढ्यावर समजलं.

तो सांगत होता, "दोन वर्षं डोक्यातून जात नाही. मी पानन् पान बघितलं होतं. मला कुठे सापडला नाही डाग. तिथे ड्युटीवर बसलो की तेच. कुठलं औषध चुकलं, कुठलं पाणी चुकलं. त्यांच्या यंत्रात दिसला असेल, पण मग शेजारच्याच्या शेतात कसा नाही आला? तू तर डोळ्यांनी बघितलंस. म्हणून विचारतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्यावर त्याने रागच धरला नव्हता, वहिनी. तो माझ्याशी बोलत नव्हता तो लाजेने. माझ्या हाताखालून रोगट माल घालू पाहिला, बहिणीला अडचणीत आणलं, असं त्याला वाटत होतं. हे त्याने मला सांगितलं. त्या बाकावर.

मी म्हटलं, "नव्हते."

"काय नव्हते?"

"डाग. एकाही शेंगेला नव्हता. मीच लिहिलं. मुद्दाम."

ती म्हातारी पुन्हा डोळे मिटत होती आणि सगळे तिला हाका मारत होते. मग तो म्हणाला, "म्हणजे जमीन चांगली होती."

"हो."

"आधी कळलं असतं तर..." आणि पुढचं राहिलं, कारण आमचं नाव पुकारलं. आम्ही उठून पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहिलो. फोटोवाला म्हणाला, "बहीणभाऊ ना? मग जरा जवळ या की." दादा सरकला. त्याचा दंड माझ्या दंडाला लागला. फोटो निघाला. मला त्याची एक प्रत हवी होती, पण ती कागदालाच चिकटवतात.

बाहेर येताना मी त्याला म्हटलं, "पत्रं टाकली होती मी. पोस्टात गहाळ झाली असतील." तो म्हणाला, "असतील." नंतर तुम्ही सगळे दुपारच्या बसने गेलात. बसमध्ये चढताना त्याने आईच्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी सहा महिने लावतेय.

तुमच्या खोल्या झाडायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात ट्रंकेखालच्या पिशव्यांत तिन्ही पाकिटं सापडली. तिन्ही फोडलेली. तिसऱ्यावर तेलाचं बोट होतं. म्हणजे तू ते पुन्हा पुन्हा वाचलंस.

त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुझ्या झिंज्या धरल्या असत्या, खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी तुला मनात इतक्या शिव्या घातल्या की ओठ हलताना बघून आईने विचारलं, कुणाशी बोलतेस? तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर तुझी जागा रिकामी बघितली. मला आठवलं, थंडीत तुझ्या बोटांना भेगा पडायच्या आणि तू चिकटपट्टी लावून उभी राहायचीस. तू मला एकदा म्हणाली होतीस, "हे परत आले ना, तर परत शेंग लावतील. परत खिडकीपाशी उभे राहतील. मला ते बघायचं नाही." मला वाटलं, तू त्याच्यासाठी म्हणतेस. तू स्वतःसाठीही म्हणत होतीस. मुलींसाठी म्हणत होतीस. त्या दोघी वडिलांना वर्षातून एकदा बघायच्या. त्याला माती चांगली असल्याचं कळलं असतं, तर तो उडी मारून आला असता, आणि तू जन्मभर त्या मातीशी आणि माझ्या खिडकीशी बांधली गेली असतीस. तू वाचलंस आणि ठरवलंस. मीही एकदा पेन हातात घेऊन असंच ठरवलं होतं. तुझं चुकलं म्हणायला माझं तोंड कुठे आहे?

फक्त एवढंच की तो आता कशाचा विचार करत बसत असेल ते मला माहीत आहे. आधी रोगाचा करायचा. आता 'आधी कळलं असतं तर'चा करेल. हा दुसरा विचार जास्त दिवस पुरणारा आहे. त्याला जप. पाकिटं मी जाळली. तू त्याला काही सांगू नकोस, मीही सांगणार नाही.

इथली खबर अशी. शेंग बंद झाली. कंपनी म्हणते, दुसऱ्या भागात पाणी वरच लागतं, तिकडे स्वस्त पडतं. एकोणिसांना एकाच दिवशी कळवलं. टोपीवाले काका तोडा घेऊन आले तेव्हा फाटक बंद होतं. त्यांनी ते क्रेट रस्त्याच्या कडेला ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शेंगा वाटल्या. मी पिशवी घेऊन गेले नाही. त्यांनीच घरी आणून दिल्या. मी शिजवल्या, आईने खाल्ल्या, म्हणाली, "गोड आहेत. कुणाच्या?" त्यांना 'वाकडी'चं सांगायला मी दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा गेले आणि सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच." आणि दार लावून घेतलं.

आपलं शेत सपाट केलं. दोन यंत्रं होती, तीन दिवसही लागले नाहीत. बांध गेला, त्यामुळे कुठून कुठवर आपलं होतं ते आता मला सांगता येत नाही. आईला आम्ही कुणीच काही बोललो नव्हतो. तिने दारातून बघितलं आणि म्हणाली, "नांगरट मोठी काढलीय यंदा." मी हो म्हटलं.

पत्रे चढलेत, गोदाम सुरू होतंय. शहरातली खोकी येणार, दुसऱ्या शहरात जाणार. आत काय असतं ते आम्हाला बघायचं नाही, फक्त खोक्यावरचा नंबर वाचायचा. पट्ट्यावरच्या बायकांपैकी बाराजणींना ठेवलंय. मला सुपरवायझरचं विचारलं, मी नको म्हटलं. कारण लिहायचं काम नको, नुसती खोकी उचलायचं द्या, म्हटलं. साहेब म्हणाले, "पगार कमी होईल." म्हटलं, होऊ दे.

उद्या पहिला दिवस. फाटकावर नवा पहारेकरी आहे, बाहेरगावचा. आज विचारायला गेले तर म्हणाला, "ओळखपत्र गळ्यात हवं, बाई, नाहीतर आत सोडता येणार नाही." मी म्हटलं, बरं.

मुलींना जवळ घे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी नणंद